फार्करला काय हवं होतं?

पुलावर एक माणूस उभा आहे. हात मागे बांधलेले, गळ्यात फास, वीसेक फूट खाली वेगाने वाहणारं पाणी. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाची ही कथा, 'ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज', १३ जुलै १८९० रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या 'एक्झॅमिनर' या वृत्तपत्रात छापून आली. पुढे ती पाठ्यपुस्तकांतून इतकी फिरली, की तिचा शेवट हीच तिची ओळख होऊन बसली. दोरी तुटते, माणूस नदीत पडतो, गोळ्या चुकवत पोहतो, रानातून दिवसभर चालत घर गाठतो. बायकोला मिठी मारायला तो पुढे होतो आणि मानेवर दणका बसतो. दोरी तुटलेलीच नव्हती. सुटकेचा सगळा प्रवास खाली पडता पडता, मान मोडायच्या आतल्या क्षणात, त्याच्या डोक्यात घडला.

हा धक्का एकदाच बसतो. एकदा बसणाऱ्या धक्क्याच्या जोरावर कथा सव्वाशे वर्षांहून जास्त टिकत नाही. पुन्हा वाचताना मन अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी: पेटन फार्कर नावाचा हा सुखवस्तू गृहस्थ त्या पुलावर पोचलाच कशासाठी?

ही कथा मी भिवंडीत बसून वाचतो, आणि त्याने फरक पडतो. फार्कर उत्तर अलाबामातला मळेवाला आहे. काळ अमेरिकेच्या यादवी युद्धाचा, १८६२ च्या आसपासचा. बिअर्स पिकाचं नाव घेत नाही, पण त्या भागातला बडा मळेवाला म्हटलं की डोळ्यांपुढे कापूसच येतो. याच युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळी नजर मुंबईकडे, म्हणजे वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांच्या नावावर सट्टा चालला, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो फुगा फुटला. कापूस विकणाऱ्यांचं उखळ पांढरं झालं. कापूस विणणाऱ्यांना मात्र महागाईने गाठलं, कारण हातमागाला लागणारा कापूस आणि सूत दोन्ही कडाडलं. भिवंडी तेव्हा हातमागाचं गाव होतं. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेले मोमीन विणकर इथे येऊन वसले, असं इथल्या घरांत आजही सांगतात. थोडक्यात, फार्करच्या युद्धाची झळ आपल्या मागाला लागली होती. त्यामुळे त्याच्या मळ्याकडे मी निव्वळ चित्रातला मळा म्हणून पाहू शकत नाही.

कथेचे तीन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे फाशीची कवायत. कोण कुठे उभा आहे, बंदूक कशी धरली आहे, फळीच्या कोणत्या टोकावर कोणाचं वजन आहे, हे सगळं बिअर्स नकाशा काढावा तसं मांडतो. नकाशे काढणं हे त्याचं कामच होतं. १८६१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो उत्तरेच्या बाजूने नवव्या इंडियाना पलटणीत भरती झाला, शायलोच्या लढाईत लढला, पुढे सैन्यासाठी भूप्रदेशाचे नकाशे करणारा अधिकारी झाला आणि १८६४ मध्ये केनेसॉ डोंगराजवळ डोक्यात गोळी लागून जखमी झाला. म्हणजे फार्करच्या गळ्यात फास अडकवणाऱ्या सैन्यातलाच हा लेखक. आपल्या शत्रूचं चित्र त्याने कसं काढलं आहे पाहा: वय पस्तिशीच्या आसपास, सरळ नाक, रुंद कपाळ, मागे वळवलेले लांब केस, मोठे करडे डोळे आणि त्यांत मायाळू भाव. फाशी जाणाऱ्या माणसाचा असा चेहरा आपण अपेक्षिलेला नसतो. मग बिअर्स एक कोरडी टीप जोडतो. लष्करी कायदा मोठा उदार आहे, नाना प्रकारच्या लोकांना फासावर चढवायची सोय त्यात आहे आणि त्यातून सभ्य गृहस्थ वगळलेले नाहीत, अशा अर्थाची. वाचकाला हसावं की गप्प राहावं कळत नाही. संपूर्ण कथेचा सूर असा दुधारी आहे.

दुसरा भाग जेमतेम दोन पानांचा, आणि माझ्या मते कथेचा जीव तिथे आहे. संध्याकाळी फार्कर आणि त्याची बायको अंगणातल्या बाकावर बसलेली आहेत. त्याआधी बिअर्स चार वाक्यांत या माणसाची कुंडली मांडतो. जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला, गुलामांचा मालक, आणि म्हणून ओघानेच राजकारणात रस असलेला व दक्षिणेने फुटून निघण्याचा कट्टर पुरस्कर्ता. सैन्यात मात्र तो गेलेला नाही. का? काही निकडीच्या कारणांमुळे, आणि ती इथे सांगायची गरज नाही, असं निवेदक म्हणतो. मला हे वाक्य फार आवडतं. लेखक सभ्यपणे पडदा टाकतो आणि त्या पडद्यामुळेच आपली नजर तिथे जाते. दक्षिणेने एप्रिल १८६२ मध्ये अठरा ते पस्तीस वयाच्या पुरुषांना सक्तीची लष्करभरती लागू केली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यांवरच्या गोऱ्या माणसाला तिच्यातून सूट दिली. फार्करला यातलं काय लागू होतं हे कथा सांगत नाही. पण पस्तिशीच्या आसपासचा, गुलामांचा मालक, युद्धाचा कैवारी आणि तरीही घरी बसलेला, एवढं वाचून त्या वेळच्या वाचकाच्या भुवया नक्कीच वर गेल्या असतील.

घरी बसल्याचा सल फार्करला आहे. त्याला सैनिकाचं मोठं, मोकळं आयुष्य हवं आहे. नाव कमवायची संधी हवी आहे. कामं करायची तर कोणतंही काम हलकं नाही, कोणतंही साहस भारी नाही. अट एकच, की ते मनाने सैनिक असलेल्या नागरिकाला शोभेल असं हवं. युद्धात आणि प्रेमात सारं काही क्षम्य असतं हे वचन बिअर्सला उघड उघड हलकट वाटतं, पण त्याचा काही भाग तरी फार्करने मनापासून मान्य केलेला आहे.

मनाने सैनिक असलेला नागरिक. बिअर्सने हे म्हटलं तेव्हा त्याच्या ओठांवर किती तिरकस हसू असेल याची कल्पना करता येते, कारण तो स्वतः देहाने सैनिक होता आणि लढाईनंतरचं शिवार त्याने पाहिलेलं होतं. भिवंडीत हे शब्द आणखी जड होतात. मे १९७० आणि मे १९८४ या दोन्ही दंगली या शहराने भोगल्या; पहिलीची चौकशी न्यायमूर्ती मदन आयोगाने केली. गणवेश नसलेल्या, एरवी संसारी असलेल्या माणसांच्या मनात सैनिक जागा झाला म्हणजे काय होतं, हे इथल्या जुन्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. फार्कर दंगलखोर नाही, हे खरं. पण लढाई लांबून देखणी दिसते, ही त्याची नजर आपल्या ओळखीची आहे.

आता तो प्रसंग. करड्या गणवेशातला, म्हणजे दक्षिणेचा, एक स्वार फाटकाशी येतो आणि पाणी मागतो. फार्करबाई स्वतः, आपल्या गोऱ्या हातांनी, पाणी आणायला आत जातात. या एका तपशिलात बिअर्सने बाईंना पुरतं रंगवलं आहे. घरात पाणी आणून द्यायला गुलाम आहेत, तरी सैनिकाला पाणी द्यायचं पुण्य बाईंना स्वतःच्या पदरात हवं आहे. नवऱ्याची हौस आणि बायकोची हौस एकाच जातीची. आणि कथेत गुलाम कुठे दिसतात का? नाही. गुलामांचा मालक एवढा उल्लेख येतो, पण त्या मळ्यावर राबणारं एकही माणूस आपल्याला दिसत नाही. फार्करलाही ते दिसत नसावं, म्हणून लेखकाने दाखवलं नसावं, असं मी समजतो.

बाई आत गेल्या आहेत तेवढ्या वेळात फार्कर बातमी विचारतो. स्वार सांगतो: उत्तरेचं सैन्य रेल्वे दुरुस्त करत पुढे सरकतंय. आउल क्रीकचा पूल त्यांनी नीट केला, पलीकडच्या काठावर मेढेकोट उभारला. हुकूम निघालाय, जागोजागी लावलाय, की रेल्वेच्या वाटेला जाणारा नागरिक सापडला तर त्याला जागच्या जागी फाशी. हा हुकूम स्वाराने पुलाबद्दलच्या प्रश्नांआधीच सांगितला आहे. फार्करला शिक्षा ठाऊक आहे. मग तो विचारतो, पूल किती दूर? तीसेक मैल. अलीकडच्या बाजूला शिपाई नाहीत का? अर्ध्या मैलावर एक चौकी आणि पुलाच्या टोकाला एकच पहारेकरी. आणि मग, हसत हसत, फार्कर तो प्रश्न विचारतो: समजा एखादा नागरिक, फाशीशास्त्राचा एखादा अभ्यासक, चौकी चुकवून गेला आणि पहारेकऱ्यालाही भारी पडला, तर त्याला काय साधता येईल?

स्वतःच्या मरणावर त्याने केलेला हा विनोद आहे. बोलतानाच त्याने स्वतःला गोष्टीतल्या पात्राच्या जागी बसवलं: कोणी एक नागरिक, कोणी एक अभ्यासक. 'मी' म्हणायचं धाडस नाही, पण 'मी'ची हौस अनावर. इथून पुढे त्याला त्या गोष्टीचा नायक व्हायचं आहे, बाकी काही नाही.

स्वार उत्तर देतो की महिन्यापूर्वी तो तिथे होता. गेल्या हिवाळ्याच्या पुरात वाहून आलेली लाकडं पुलाच्या लाकडी खांबाशी अडकून पडली आहेत, आता ती वाळली आहेत, काडी लावायचा अवकाश. बाई पाणी आणतात, तो अदबीने आभार मानतो आणि निघून जातो. तासाभराने, अंधार पडल्यावर, तोच स्वार मळ्यावरून उलट दिशेला, उत्तरेकडे जातो. तो शत्रूचा हेर होता. भाग संपला.

हे मी काही तरुणांना वाचून दाखवलं तेव्हा एकाने, त्याच्या घरी माग आहेत, लगेच म्हटलं, "सर, तो तिथे महिन्यापूर्वी काय करत होता, हे ह्याने विचारलंच नाही." बाजारात वाढलेल्या पोराचा प्रश्न. दलाल न विचारता सौद्याच्या फायद्याच्या बाजू सांगायला लागला की भिवंडीतला जुना व्यापारी आधी हिशेबाची वही मिटतो. फार्कर वही उघडतो. त्याला हवी होती तीच बातमी, हवी होती त्याच गणवेशात, दारात चालून आली होती.

आणि हेराचं कौशल्य असं, की त्याने बहुधा खोटं काही सांगितलंच नाही. पूल आहे, हुकूम आहे, चौकी आहे, लाकडंही असतीलच. खोटा फक्त कोट. सत्य गोष्टींनी रचलेला हा सापळा फार्करच्या एकाच जागेवर बेतलेला आहे: त्याच्या नावलौकिकाच्या भुकेवर. सहसा समीक्षक म्हणतात की फार्कर फसवला गेला. फसवला गेला हे खरंच, पण फसायला तो आधीच तयार बसला होता. बाकावर बसून तो कोणाची तरी वाटच पाहत होता.

यानंतर बिअर्स जे करतो ते धाडसाचं आहे. दुसरा भाग संपतो आणि तिसरा थेट पुलावरून खाली पडण्याने सुरू होतो. मधलं काहीच नाही. फार्कर तीस मैल कसा गेला, चौकी चुकवली का, काडी पेटली का, कुठे सापडला, कोणी पकडलं: शून्य. ज्या पराक्रमासाठी त्याने जीव पणाला लावला तो पराक्रम कथेतून पूर्ण गायब. पुलाची फळी मात्र शाबूत आहे. तिच्यावरूनच तो खाली पडतो. जे त्याला आयुष्यभर हवं होतं ते दाखवण्यालायकही लेखकाला वाटलं नाही. मरण मात्र दहापट लांबीने दाखवलं.

वाहून आलेल्या लाकडाकडेही परत जायला हवं. पहिल्या भागात, फास गळ्यात असताना, फार्कर खाली पाहतो तेव्हा त्याला पाण्यात एक लाकूड वाहत जाताना दिसतं. किती हळू चाललंय, असं त्याला वाटतं. पहिल्या वाचनात हा तपशील वेळ मंदावल्याची खूण वाटतो, आणि ती आहेच. पण दुसऱ्या भागातली वाळलेली लाकडं ठाऊक झाल्यावर लक्षात येतं, की ज्याला काडी लावायला तो आला होता तेच हे लाकूड. निवांत, ओलं, पुढे निघून गेलेलं. बिअर्स बोट दाखवत नाही.

तिसऱ्या भागात सुटकेची कहाणी आहे आणि तिच्यात फार्करची इंद्रियं विलक्षण तीव्र आहेत. झाडाचं पान न् पान, त्यावरचे किडे, दवबिंदूतले रंग, वाळूत हिरे-माणकं. याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी त्यात फार थांबणार नाही. मला थांबवतात दोन छोट्या जागा.

पहिली पाण्याखालची. बांधलेले हात सोडवायला त्याचे हात धडपडतायत आणि तो ती धडपड रस्त्यावरच्या रिकामटेकड्याने गारुड्याचा खेळ बघावा तशी बघतो. काय ती ताकद, काय तो प्रयत्न, शाबास! फार्कर स्वतःच्या हातांना शाबासकी देतो. नाव कमवायची संधी शोधणारा माणूस शेवटी एकुलता एक प्रेक्षक मिळवतो, तो स्वतःच. त्याच्या ऊर्मीचा इतका नेमका पुरावा दुसऱ्या भागातही नाही.

दुसरी जागा त्याच्या थोडी आधीची. पाण्यातून वर येताना तो विचार करतो: फाशी आणि बुडणं, ठीक, तेवढं वाईट नाही. पण गोळी घालतील तर ते चालणार नाही, ते न्याय्य नाही. न्याय्य नाही! मागच्याच भागात याच माणसाने युद्धात सारं क्षम्य हे वचन मान्य केलं होतं. पुलाला आग लावणं, पहारेकऱ्याला उलथवणं, सगळं चालेल, पण माझ्यावर गोळी झाडणं अन्याय. बिअर्स दोन वाक्यं दोन वेगळ्या भागांत ठेवतो आणि दोघांना जोडायचं काम आपल्यावर सोडतो. फार्करच्या नीतीचा माझ्या मते एवढाच ताळेबंद आहे. नियम स्वतःसाठी सैल, दुसऱ्यांसाठी कडक.

आणि त्या सगळ्या सुटकेत दक्षिण कुठे आहे? ध्येय कुठे आहे? त्याला आठवते ती बायको, मुलं, घर. मरणाच्या दारात माणसाला घर आठवतं हे स्वाभाविक आहे, त्यात त्याची चेष्टा करण्यासारखं काही नाही. पण ज्याच्यासाठी आलो होतो त्याची एक आठवणही न यावी, पुन्हा पूल पेटवायला परतावं असं त्याला स्वप्नातही न वाटावं, हे लक्षणीय आहे. म्हणून मी म्हणतो, फार्कर दक्षिणेसाठी मेला नाही. दक्षिणेच्या नावाने रचलेल्या एका गोष्टीत नायकाची जागा मिळावी म्हणून तो मेला. आणि ज्या कल्पनाशक्तीने त्याला अंगणातून पुलावर नेलं तीच त्याला पुलावरून घरी नेते. स्वाराची गोष्ट त्याने जितक्या सहज खरी मानली तितक्याच सहज दोरी तुटल्याचीही. आपणही दोन्ही वेळा त्याच्याबरोबर फसतो, म्हणून त्याच्यावर हसायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

यावर एक आक्षेप येईल: घातपात करायला निघालेल्या माणसाला तुम्ही इतकं कठोरपणे तोलता, मग आपल्या क्रांतिकारकांचं काय? आक्षेप रास्त आहे, आणि उत्तर ठाणे जिल्ह्यातच आहे. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे वकील भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पूल आणि मनोरा, तांत्रिकदृष्ट्या कृत्य सारखंच, शेवट सारखाच. पण कोतवालांनी त्याआधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभारली होती. मनोरा कोणासाठी पडतोय हे त्यांच्या आयुष्यात शोधलं तर सापडतं. फार्करच्या आयुष्यात शोधलं तर सापडतो फक्त फार्कर, आणि त्याच्या मागे न दिसणारे गुलाम. धैर्य दोघांतही होतं. धैर्याने फरक पडत नाही, एवढंच म्हणायचं आहे.

उलट बाजूचंही उदाहरण त्याच युद्धात आहे. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या वीसेक माणसांनी, नागरी वेशात, जॉर्जियातली एक आगगाडी पळवून दक्षिणेची रेल्वे उद्ध्वस्त करायचा प्रयत्न केला. त्यांचा म्होरक्या जेम्स अँड्र्यूज आणि आणखी सात जणांना त्या जूनमध्ये फाशी झाली. त्यातल्या काही सैनिकांना पुढे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. बिअर्सच्या पिढीला ही हकीगत माहीत होती. स्वतःच्या बाजूच्या वीरकथेची उलटी बाजू त्याने शत्रूच्या अंगावर चढवून पाहिली, असं मला वाटतं.

फ्रेंच दिग्दर्शक रोबेर आँरिको याने १९६२ मध्ये या कथेवर लघुपट केला. कान महोत्सवात आणि पुढे ऑस्करमध्ये त्याला पारितोषिक मिळालं, १९६४ मध्ये तो अमेरिकेच्या 'द ट्वायलाइट झोन' या दूरचित्रवाणी मालिकेत दाखवला गेला. चित्रण अप्रतिम आहे, पहाटेची पानं, पाणी, धावणं. पण त्यात स्वाराचा प्रसंग नाही. अंगणातला बाक नाही, पाणी मागणं नाही, तो हसरा प्रश्न नाही. राहतो फक्त एक मरणारा माणूस, आणि त्याच्यासाठी आपल्या डोळ्यांत पाणी येतं. बिअर्सला एवढं सोपं नको होतं. त्याला आपल्याला त्या माणसाची माया लावायची होती आणि त्याच वेळी तो कोण आहे हेही विसरू द्यायचं नव्हतं. लघुपट सुंदर आहे. कथा त्याच्याहून मोठी आहे.

कथेचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला आहे आणि मूळ इंग्रजी मजकूर कुठेही फुकट मिळतो. वाचायला घ्याल तर एकच विनंती: पुलावरून नदीत उडी पडण्याच्या ओढीने दुसरा भाग घाईघाईत ओलांडू नका, आणि फार्कर स्वाराला जे प्रश्न विचारतो ते पेन्सिलने खुणावून ठेवा.